मयत धोंडीरामची बायको

उपळाई, तालुका माढा
१२ नोव्हेंबर १९३२

चि. सौ. वच्छला हिस जोतीरामचे अनेक आशीर्वाद.

इकडे सर्व क्षेम आहे. तुझी वहिनी बाळंत झाली, मुलगा आहे. हा चौथा. ज्या आठवड्यात तो झाला त्याच आठवड्यात लोकल बोर्डाने आम्हा मास्तरांचा पगार कापला. बारशाला लोक आनंदात होते म्हणून मी ते कोणाला बोललो नाही. पगार कापला तरी नोकरी सरकारी आहे, एवढे समाधान मानतो.

आई रोज तुझा विषय काढते. तुझ्या लग्नाला सात वर्षे झाली. तू आणि धोंडीरामराव दोघेही मिलमध्ये, महिन्याच्या महिन्याला रोख पगार, पावसाची वाट पाहणे नाही, आणि पाळणा मात्र नाही, हे तिला समजत नाही. काल म्हणाली, "आमी हितं दुष्काळात पोरं काडली. हिला सोलापुरात काय धाड भरलीया?" मी तिला म्हटले की शहरात लोक विचार करून वागतात. त्यावर ती म्हणाली की मग तू का केला नाहीस. वहिनी ऐकत होती, म्हणून मी शाळेत निघून गेलो.

सोबत अक्कलकोटचा अंगारा पाठवत आहे. तुझ्या मागच्या दोन पत्रांत धोंडीरामरावांचा उल्लेख नव्हता. त्यांची प्रकृती कशी आहे ते लिहावे.

तुझा दादा
जोतीराम

---

सोलापूर
४ डिसेंबर १९३२

ती. दादास वच्छलाचा शिरसाष्टांग नमस्कार.

अंगारा पोचला. निम्मा लावला, निम्मा डबीत ठेवला आहे. वहिनी सुखरूप सुटली हे वाचून बरं वाटलं. तिला म्हणावं, आता जरा दम खा. हे तुलाही म्हणावं असं मनात आहे, पण तू वडील आहेस.

आईला सांग की माझी तब्येत ठीक आहे आणि बाकी देवाची इच्छा. मिलमध्ये मी सूत गुंडाळण्याच्या खात्यात आहे. तिथे आमची नायकीण, म्हणजे बायकांवरची मुकादम, काशम्मा म्हणून आहे. बोलायला फटकळ आहे, पण माझ्यावर तिची माया आहे. दिवस कसा जातो कळत नाही.

संक्रांतीला गड्ड्याच्या जत्रेला येतो असं तू मागे म्हणाला होतास. यंदा येऊ नकोस. खोलीत उंदीर फार झाले आहेत.

तुझी
वच्छला

---

उपळाई
९ फेब्रुवारी १९३३

गं. भा. वच्छला हिस जोतीरामचे आशीर्वाद.

वरची दोन अक्षरे लिहिताना हात थांबला. पण जे आहे ते आहे.

तू येऊ नको म्हणालीस, तरी बोर्डाच्या कामासाठी मला गेल्या महिन्यात सोलापुरास यावे लागले. तुला चकित करावे म्हणून मी मिलच्या फाटकासमोर लिंबाखाली उभा राहिलो. भोंगा झाला, बायका सुटल्या, त्यांत तू दिसलीस. कपाळ पांढरे, गळा मोकळा, हातात काकण नाही. मी झाडाला टेकलो. पुढे यावे असे फार वाटले, पण तुझ्यासमोर काय बोलणार होतो? शिवाय गाडीची वेळ झाली होती.

बाळे, एवढे मोठे दुःख तू आमच्यापासून लपवलेस. उंदरांचे का लिहिले होतेस ते आता कळले. मी घरी येऊन आईला सांगितले. ती तीन दिवस जेवली नाही. धोंडीरामरावांना जवळचे कोणी नाही, त्यांचे दिवस कोणी केले की नाही कोण जाणे, म्हणून मी सीना नदीच्या काठी भटजींना बोलावून पिंड ठेवले. कावळा लगेच शिवला. त्यावरून त्यांची कोणतीही इच्छा मागे राहिली नव्हती असे भटजी म्हणाले, आणि आम्हाला तेवढाच आधार वाटला.

आता पुढचे. तुझे वय अजून गेलेले नाही. आपल्यात पाटाला, म्हणजे विधवेच्या दुसऱ्या लग्नाला, कोणी नाक मुरडत नाही. शेजारच्या गावात ज्ञानबा म्हणून आहे. बायको वारली, मूलबाळ नाही. त्याच्या विहिरीवर दोन मोटा चालतात आणि त्या वैशाखातही थांबत नाहीत. आई म्हणाली, "पोरगी तितं गेली तर तिची कूस उजवंल. पाण्याखालची जमीन हाय, पोरं उपाशी मरायची न्हाईत." ज्ञानबाला मी शब्द दिलेला नाही, पण तो येऊन चहा पिऊन गेला आहे.

तू कळवशील त्याप्रमाणे न्यायला येईन.

तुझा दुर्दैवी दादा
जोतीराम

---

सोलापूर
१४ फेब्रुवारी १९३३

रा. रा. जोतीराम मास्तर यांस धोंडीरामचा नमस्कार.

पत्र पोचले. मी हयात आहे.

माझे दिवस केल्याबद्दल आभारी आहे. खर्च झाला असेल. ज्ञानबाच्या विहिरीचे वाचले. विहीर चांगली आहे, तिच्याबद्दल मला काही म्हणायचे नाही.

कावळा लगेच शिवला असे आपण लिहिले आहे. त्या कावळ्याची चूक झाली. माझी एक इच्छा राहिली आहे.

बाकी वच्छला लिहील. मातोश्रींना जेवायला सांगावे.

आपला
धोंडीराम

---

सोलापूर
२ मार्च १९३३

ती. दादास वच्छलाचा नमस्कार.

ह्यांचं पत्र तुला मिळालं असेलच. आता सगळं लिहिते. आईला वाचून दाखवताना कुठे थांबायचं ते तू ठरव.

ह्यांचं काम जाऊन दोन वर्षं झाली. मागाच्या खात्यात एका माणसाला जास्त माग द्यायचे ठरले आणि जे उरले त्यांना घरी पाठवलं. हे उरले. तेव्हापासून कधी हमाली मिळते, कधी नाही. मी मिलमध्ये लागले ती हौसेने नाही.

आता कपाळाचं. सरकारने कायदा केला आहे की मिलमधली बाई बाळंत झाली तर तिला घरबसल्या भत्ता द्यायचा. कायदा बायकांच्या भल्याचा आहे, असं सगळे म्हणतात. आमच्या मिलने तो नीट वाचला आणि लग्न झालेल्या बायका घ्यायचं बंद केलं. विधवा बाळंत होत नाही, म्हणून विधवा घेतात. फाटकावर सकाळी बायका उभ्या राहतात आणि टायमकीपर कपाळं बघत जातो. मी पहिल्या दिवशी कुंकू लावून गेले, परत आले. दुसऱ्या दिवशी नळाजवळ पुसून गेले, मला घेतलं.

आमच्या खात्यात आता इतक्या विधवा आहेत की बघणाऱ्याला पटकीची साथ येऊन गेली असं वाटावं. त्यातल्या निम्म्या जणींचे नवरे दुपारी भाकरी घेऊन फाटकावर येतात. माझेही येतात. तिथे ते माझे धाकटे दीर आहेत, नाव सिद्धाराम. मंगळसूत्र आणि काकणं दिवसभर त्यांच्या खिशात असतात. संध्याकाळी कोपऱ्यावर आले की घालते, कुंकू लावते आणि घरी जाते.

म्हणून पाळणा नाही. मला काही झालेलं नाही आणि ह्यांनाही नाही. विधवा पोटुशी निघाली तर कायद्याचा विचार नंतर, आधी तिला फाटकाबाहेर काढतात. मग आम्ही दोघं काय खाणार आणि त्याला काय घालणार? हे दोन वर्षं गॅलरीत झोपतात. ह्यांना उकडतं असं चाळीत सांगितलं आहे. माघातही उकडतं, हे लोकांनी मानून घेतलं आहे.

दादा, मला मूल हवं आहे. तुम्हाला वाटतं त्याहून जास्त हवं आहे. वहिनीचं पत्रात वाचते तेव्हा त्या दिवशी मला जेवण जात नाही. हे आजवर कोणाला सांगितलं नव्हतं.

तुझं पत्र ह्यांनी दोनदा वाचलं. मग गॅलरीतलं अंथरूण उचलून आत आणलं. मी म्हटलं, अशाने माझं काम जाईल. तर म्हणाले, "म्या एकदा मेलोय. आता कुणाला भ्यायचं?" मी दिवा बारीक केला.

ज्ञानबाला काय सांगायचं ते तूच बघ.

तुझी
वच्छला

---

उपळाई
१९ मार्च १९३३

चि. सौ. वच्छला हिस आशीर्वाद. सौ. शब्द ठळक लिहिला आहे.

धोंडीरामराव हयात आहेत हे ऐकून आई आधी रडली, मग जेवली, मग मला बोलली. "झाडाला टेकून उबा ऱ्हायलास, आन् दोन पावलं म्होरं जायाला काय झालं हुतं?" मुलांना मी रोज सांगतो की नीट पाहून मग लिहावे.

भटजी म्हणतात की केलेले पिंड परत घेता येत नाहीत, पण धोंडीरामराव पुढे जेव्हा जातील तेव्हा ते उपयोगी पडतील. ज्ञानबाकडे मी स्वतः गेलो. त्याने विहिरीवर नवी मोट आणली होती आणि घराला गेरू लावला होता. सर्व ऐकून घेतल्यावर त्याने नव्या मोटेचा दोर गुंडाळून ठेवला. नंतर त्याने विचारले की धोंडीरामची प्रकृती आता कशी असते. मी म्हटले, चांगली आहे. तो माणूस वाईट नाही.

तुझ्या पत्रातला अंथरुणाचा भाग मी वाचून दाखवणार नव्हतो. आईने कागद बघून विचारले की पान उलटायला एवढा वेळ का लागला. मग वाचला. ती उठली. देवाजवळ जाऊन बसली.

दादा

---

सोलापूर
८ जून १९३३

ती. दादास वच्छलाचा नमस्कार.

मला दिवस गेले आहेत. चौथा लागला.

काशम्माने सर्वांच्या आधी ओळखलं. मला बाजूला घेऊन म्हणाली की विजापूर वेशीजवळ एक बाई आहे, ती मोकळं करून देते, सुट्टीच्या दिवशी जाऊन सोमवारी कामावर येता येतं. खात्यातल्या दोघी जाऊन आल्या आहेत. त्यातली एक आली ती पुन्हा उभी राहिली नाही, हेही तिनेच सांगितलं. मी गेले. दारात शेळी पाला खात होती. तिचा पाला संपेपर्यंत मी तिथे उभी राहिले आणि मग परत आले. ह्यांना सांगितलेलं नाही. तूही सांगू नकोस.

काशम्माला म्हटलं, मी हे ठेवणार. तिने मला आधी कानडीत शिव्या दिल्या आणि मग विचार केला. तिचं म्हणणं असं, की विधवेला मूल होऊ शकत नाही, पण विधवेचा पाट लागू शकतो, आणि पाट लागलेल्या बाईला मूल होऊ शकतं. मिल कामावर घेताना कपाळ बघते, घेतल्यावर नवरा केला तर त्याचा नियम कुठे लिहिलेला नाही. मग भत्ताही द्यावा लागेल. आणि धाकट्या दिराशी पाट लावला तर कोणी नावं ठेवत नाही, उलट घरातलं घरात राहिलं म्हणतात.

तेव्हा माझं सिद्धारामशी ठरलं आहे. तुळजापूर वेशीजवळच्या मारुतीपुढे लावायचं. मिलमधल्या बायका येणार, म्हणजे माहेरचं माणूस पाहिजे. तू ये. आईला आण. ज्ञानबाच्या बाबतीत तू जेवढी तयारी केली होतीस, तिच्या निम्मी केलीस तरी चालेल.

तुझी
वच्छला

---

उपळाई
३ जुलै १९३३

चि. सौ. वच्छला हिस आशीर्वाद.

आम्ही काल सुखरूप पोचलो. एकाच माणसाला एकच बहीण दोनदा देणारा माझ्यासारखा तालुक्यात दुसरा नसेल. पहिल्या वेळी मी पागोटे दिले होते, ते धोंडीरामरावांनी या वेळी बांधले, म्हणून नवे घ्यावे लागले नाही.

मयत नवऱ्याची शांती म्हणून नारळ ओवाळून टाकायचा असतो, हे काशम्माबाईंनी आठवण करून दिले ते बरे झाले. धोंडीरामरावांनी तो स्वतःवरून ओवाळला, फोडला आणि खोबरे वाटले. मला त्या वेळी हसू आले होते. पण तुझ्या कपाळाला त्यांनी कुंकू लावले आणि मिलच्या बायका एकदम गप्प झाल्या, तेव्हा माझे हसू गेले. त्यातल्या कितीजणी घरून पुसून आल्या असतील, असे मनात आले.

येताना गाडीत आईने विचारले, "आता मिलात कुंकू लावून जाईल व्हय?" मी हो म्हटले. ती माढ्यापर्यंत खिडकीबाहेर बघत होती.

बाळंतपणाला आई येईल. तिने आजच गोधडी धरली आहे.

दादा

---

सोलापूर
६ डिसेंबर १९३३

ती. दादास वच्छलाचा नमस्कार.

मुलगी झाली हे आईने तार करायला लावून तुला कळवलंच. आम्ही दोघी बऱ्या आहोत. ह्यांच्या हनुवटीवर गेली आहे. हे तिला मांडीवर घेऊन बसले की पाय अवघडले तरी उठत नाहीत. मी आनंदात आहे दादा. एवढं सुख मला माहीत नव्हतं.

भत्ता मिळाला. त्याची हकीकत अशी. काशम्मा माझ्या वतीने गेली तेव्हा कल्लप्पा टायमकीपरने रजिस्टर काढलं, पाटाची तारीख बघितली, बोटांवर महिने मोजले आणि तिच्याकडे बघितलं. पाच महिनेही भरत नव्हते. काशम्मा म्हणाली, "दीर घरातच ऱ्हात हुता की सायब." त्याने पुढे काही विचारलं नाही आणि सही केली. त्यामुळे मिलमध्ये माझं नाव आता वाईट झालं आहे. पाटाच्या आधीपासूनच माझं माझ्या नवऱ्याशी होतं, असं नव्या बायका बोलतात. ते खरंच आहे.

पण कामाचं अवघड आहे. अडीच वर्षांत माझं नाव बदलीच्या, म्हणजे कोणी गैरहजर असेल त्या दिवशी घ्यायच्या बायकांच्या, यादीतून वर गेलं नव्हतं. कल्लप्पाने काशम्माला समजावून सांगितलं की बदलीवालीला जागा नसतेच, त्यामुळे तिची जागा गेली असं म्हणता येत नाही. कायद्याप्रमाणे भत्ता द्यायचा, तो दिला. पुढे घ्यायचं की नाही ते फाटकावर ठरतं आणि फाटकावर कुंकवाची बाई घेत नाहीत.

ह्यांना एका तेलाच्या घाण्यावर काम लागेल असं वाटतं. आई आणखी महिनाभर राहते म्हणाली.

तुझी
वच्छला

---

उपळाई
२ फेब्रुवारी १९३४

चि. सौ. वच्छला हिस आशीर्वाद. चि. भाचीस अनेक आशीर्वाद.

दोन महिने पत्र नाही. आईला आता पाठवून द्यावे. तुझ्या वहिनीस पुन्हा दिवस आहेत आणि तिच्याने पाणी ओढवत नाही. पगार अजून पूर्ववत झालेला नाही, पण होईल असे वरिष्ठ म्हणतात.

धोंडीरामरावांचे घाण्यावरचे काम लागले का? तू पुन्हा मिलमध्ये जातेस का? आई आनंदात असेल. एवढी वर्षे तिने जे मागितले ते तिला मिळाले.

दादा

---

सोलापूर
१८ फेब्रुवारी १९३४

ती. दादास वच्छलाचा नमस्कार.

पत्राला उशीर झाला, रागावू नकोस. लिहिण्यासारखं काही होईल म्हणून थांबले होते.

घाण्यावरचं काम बारा दिवस चाललं. मालकाच्या पुतण्याला काम हवं होतं, त्याला दिलं. नंतर हे रोज स्टेशनवर हमालीला जाऊन उभे राहतात. भत्ता संपला. आईने येताना बांधून आणलेली ज्वारी संपली. मी नीट जेवत नव्हते, म्हणून दूध कमी झालं आणि मुलगी रडायला लागली. आई तिला घेऊन खोलीत फेऱ्या मारायची. एकदा मला म्हणाली, "मला काय ठावं गं. मला वाटलं, सोलापुरात पगार असतुया."

आमच्या मिलमध्ये मी आता सिद्धारामची बायको म्हणून सगळ्यांना माहीत आहे, तिथे उपयोग नव्हता. काशम्माने दुसऱ्या मिलच्या नायकिणीला निरोप दिला. तिकडे बायका घेणार होते. तिथेही तसंच आहे. मला हे आईपुढे करायचं नव्हतं. ती देवळात जाईल तेव्हा निघू असं मी ठरवलं होतं, पण त्या दिवशी ती गेलीच नाही.

मग तिच्यासमोरच निघाले. मंगळसूत्र आणि काकणं काढून ह्यांच्या हातात दिली. ओल्या हाताने कुंकू पुसलं. आई मुलीला मांडीवर घेऊन बसली होती. हे दाराकडे तोंड करून उभे राहिले. तुला माहीत आहे, अण्णा गेले त्या दिवशी बायकांनी आईचं कपाळ पुसलं तेव्हा ती त्यांच्या हातांना चावली होती. मला वाटलं, ती आता ओरडेल, मला जाऊ देणार नाही. दादा, खरं सांगते, तिने जाऊ देऊ नये असंही मला वाटत होतं.

तिने मुलीला गोधडीवर ठेवलं. उठून माझ्याजवळ आली आणि माझी हनुवटी धरून तोंड उजेडाकडे वळवलं.

"नीट पुसलं न्हाईस," ती म्हणाली. "कडंला लाल ऱ्हायलंय. तेवड्यावरनं काडत्याल."

मग तिने आपला पदर ओला केला आणि माझं कपाळ स्वतःच्या हाताने पुसून काढलं. कानाशेजारचंही पुसलं. पुन्हा एकदा उजेडात बघितलं आणि म्हणाली, "जा आता. भोंगा व्हईल."

मला घेतलं. आई इथेच राहणार आहे, वहिनीसाठी दुसरं कोणी बघ.

तुझी
वच्छला